बसकी अन् ओलं पोतं

तेरखेड्यात माणसाची पारख बोटांवरून होते. दहाच्या दहा शाबूत असली, तर तो एक तर मास्तर असतो, न्हाईतर भित्रा. बलभीम मास्तर नव्हता.

गावाचा धंदा शोभेच्या दारूचा. भुईनळे, सुतळीचे गोळे, लग्नाच्या वरातीत आभाळात जाऊन फुटणारी फुलं. बलभीमचा बाप कोंडीराम हेच करत म्हातारा झाला, अन् डाव्या हाताला उरलेली दोन बोटं घेऊन म्हातारा झाला. पोरं शेडात आली की तीच दोन बोटं तो त्यांच्या नाकापुढं धरायचा.

"भ्या. पोटभर भ्या. ज्याला भ्यायची लाज वाटली, त्याला नंतर गोळा करून आणावं लागतं."

थोरला महारुद्र हसायचा. धाकट्या बलभीमच्या मात्र ते हाडात मुरलं. त्यानं लहानपणी शेजारची शेड उडालेली बघितली होती. आवाज त्याला आठवत नव्हता. बाभळीच्या शेंड्याला अडकलेली एक चप्पल आठवत होती. पावसाळा लागला तरी ती कुणी काढली नव्हती.

तेव्हापासनं बलभीम शेडात अनवाणी जायचा. अंगात सुती बंडी, हातात लाकडाचं नाहीतर तांब्याचं हत्यार. भुईवर लोखंडी खिळा दिसला तरी त्याला घाम फुटायचा. कामाला हात घालायच्या आधी भुईवर पाणी मारायचं अन् दाराशी ओली पोती टांगायची, ही गावाची रीतच आहे. पण बलभीम दुपारीही पाणी मारायचा, आणि घरी आला की चुलीच्या भवतीनं मारायचा. त्याची बायको कडूबाई आल्यागेल्याला सांगायची, "लग्न झाल्यापासनं चिखलात नांदते म्या. माझ्या घरातलं सारवण कधी वाळलंच न्हाय."

पण त्याची शेड कधी पेटली नाही, हेही तितकंच खरं.

असल्या माणसाच्या गोठ्यात ती गाडी येऊन पडली.

महारुद्र मिसरूड फुटायच्या आत पुण्याला पळाला होता. तिथं तो एका म्हाताऱ्या सायबाच्या गॅरेजात लागला. सायबाला शर्यतीच्या गाड्यांचा नाद, मागं ना पोर ना बाळ. मरताना त्यानं एक गाडी महारुद्राच्या नावावर केली. इलायती, दोनच शिटांची, कुंकवासारखी लाल. टप कापडाचा, नाक लांबच लांब, अन् उंचीला एवढी कमी की शेजारी शेळी उभी केली तर शेळी थोराड दिसावी. महारुद्र ती घेऊन यात्रेला आला तेव्हा गावानं तिचं नाव ठेवलं बसकी.

वेशीतनं आत शिरताना महारुद्रानं पायाखालचा जोर काढला, तशी बसकीच्या मागच्या नळीतनं फाडकन आवाज झाला अन् वीतभर जाळ बाहेर आला. बलभीम नेमका मागं उभा. शेडातनं सरळ आलेला, बंडीला, केसाला, भुवयांनासुद्धा दारूची पूड. तो पळाला नाही. ओरडला नाही. जनावरांचा हौद जवळ होता, त्यात जाऊन गळ्याइतका बसला. पुढं कितीतरी वर्षं गावातलं पोरगं अंघोळीला कुरकुर करायला लागलं, की आई म्हणायची, "बलभीम व्हय मुकाट्यानं."

"आरं, थुकते ती," महारुद्र हसून हसून बेजार. "पेट्रोल जादा झालं की ही जात थुकतीच."

"थुकू दे दादा," हौदातनं बलभीम म्हणाला. "पर तुझ्या पुण्यात."

आणि तीन उन्हाळ्यांमागं महारुद्र काविळीनं गेला. जायच्या आधी इंजिनात तेल सोडून ठेवलं, गाडीवर चादर घातली, आणि पोरीला, हर्षालीला म्हणाला, "ही बलभीमकडं धाड. भित्र्याच्या हातात वस्तू टिकती."

हर्षाली पुण्यात शाळेत शिकवते. राहायला दोन खोल्या, गाडी कुठं लावणार? तिनं बसकी ट्रकवर चढवून गावी लावून दिली अन् फोनवर सांगितलं, "काका, ठेवायची का विकायची ते तुम्ही ठरवा. माझं काही म्हणणं नाही. फक्त ती कशी आहे ते मला खरं सांगत जा."

"जशीच्या तशी हाय, पोरी," बलभीम दर वेळी सांगायचा. त्याला ते खरंच वाटत होतं.

बसकी उतरली त्याच दिवशी त्यानं तिच्यातलं पेट्रोल थेंबन् थेंब काढून लांबच्या बांधावर ओतलं. तिथं अजून कुंद्याचं तणसुद्धा उगवत नाही. बॅटरी काढून भंगारवाल्याला दिली. एवढं करूनही जिवाला थारा नाही. गोठ्याच्या भिंतीपलीकडं बाया फटाक्याच्या वाती वळत बसायच्या, आणि अलीकडं ही. पोट रिकामं असलं म्हणून थुकणारं जनावर भरवशाचं होतं का? जेवताना घास तोंडाशी धरून तो कानोसा घ्यायचा. पत्रा उन्हानं तापून टक्क वाजला, की घास परत ताटात.

मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. सकाळी एक ओलं पोतं बसकीच्या नाकावर, एक मागच्या नळीवर, एकेक आत पाय ठेवायच्या जागी. आग खालनं वर येती, हे बापानं शिकवलेलं. दुपारी पोती वाळली की परत बादली. सणावारालाही चुकला नाही. गावाला जायची वेळ आली तर कडूबाईला बजावून जायचा, आणि तिच्यावर विश्वास नसल्यामुळं संध्याकाळच्या आत परत यायचा.

भावकीतली म्हातारी माणसं सांगून थकली, "बलभीम, वाघ पाळ एक वेळ. पर ही गावात नको."

बलभीमलाही ती नको होती. पण विकायचं मनात आलं की दादाचं बोलणं कानात यायचं. टिकती. भित्र्याच्या हातात टिकती. आयुष्यात एवढं एकच चांगलं त्याच्या भ्याला कुणी म्हणलं होतं. ते विकून कसं चालंल?

असं ठेवू का विकू करता करता यंदाच्या चैत्रात उमरग्याचा शरणप्पा आला. हायवेला त्याचं गॅरेज. हैदराबादच्या एका शौकीन सायबासाठी तो जुन्या गाड्या हुडकत फिरायचा. ट्रकवाल्याकडून त्याच्या कानावर आलं, अन् आला. गोठ्याच्या दारात उभा राहिला, नाकावरचं पोतं उचलून बघितलं, आणि डोक्याला हात लावला.

"अय्यो! अण्णा, ही इथं हाय? अख्ख्या देशात ह्या जातीच्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात."

"कुणाच्या बोटावर?" कडूबाईनं आतनं विचारलं. "ह्यांच्या, का मामंजींच्या?"

शरणप्पाला काय ते कळलं नाही. तो रंगाकडं बघत होता. पोत्याखालच्या लाल रंगाला बारीक फोड आले होते. त्याचं तोंड जरा लहान झालं.

"रंगाचं बघता यील. सायेब आवाजाला मोल देतो अण्णा. इंजिन वाजवून दाखवा, मग सौदा. न वाजणारी गाडी म्हंजी भंगार."

"वाजवायची?"

"हौदु, व्हय. नवी बॅटरी आणलीया मी. इथंच वाजवू."

बलभीमनं भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं वाती होत्या. "इथं न्हाय."

"मग वेशीबाहेर?"

वेशीबाहेर तर शेडीच शेडी. ओढ्याच्या अंगाला त्याची स्वतःची, माळावर चुलत्यांची, सडकेच्या कडंनं बाकी गावाची. वारा कुठूनही कुठं जातो. बलभीमनं मनातल्या मनात सगळं शिवार चालून बघितलं. पाय टेकावा अशी एकच जागा त्याला सापडली. आटलेलं तळं. आत ना गवत, ना काडी. नुसता भेगाळलेला गाळ, भाकरीसारखा भाजलेला.

तळ्यापर्यंत न्यायची कशी, तर शरणप्पा म्हणाला, चार माणसं ढकलतील. बलभीम म्हणाला, माणसं म्हणली की बिड्या आल्या. शेवटी शेजारच्या बजरंगाची बैलं जुंपली. बसकीच्या नाकाखाली कासरा बांधला, बजरंग पुढं, शरणप्पा मागं हात लावून. तळ्याच्या बांधावर त्याचा सपाट टेम्पो आधीच उभा होता.

"स्टेरिंगवर कुणीतरी बसाया पायजे अण्णा. वळवायचं कुणी?"

बजरंग बैलांना सोडणार नाही, शरणप्पा ढकलणार. राहिला बलभीम. तीन वर्षं तो बसकीला पाणी पाजत होता. आत कधी बसला नव्हता. त्यानं आतलं पोतं बाजूला सारलं अन् दादाच्या जागेवर टेकला. तिरडीवर निजल्यासारखं वाटलं. एवढं खाली, की समोर आभाळ नाही, वाट नाही, बैलांचे मागचे खूर तेवढे. हाताखाली लाकडी चाक. दादाच्या तळव्यानं गुळगुळीत झालेलं.

गल्ली ओलांडेपर्यंत ठीक चाललं. वेशीतल्या दगडावर चाक चढलं, उतरलं, आणि बलभीमच्या पायाखाली काहीतरी कडकन मोडलं.

त्याला वाटलं, पेटली. खालनंच. बापानं सांगितलं तश्शी. त्यानं डोळे मिटले अन् पहिल्यांदा बोटं चाचपली. दहा होती. मग पाय चाचपायला गेला तर पाय गाडीत नव्हते. पायाखालचा पत्रा बिस्किटासारखा चुरून खाली पडला होता अन् टाचा वेशीच्या धुळीत टेकल्या होत्या. बैलं चालतच होती. मग तोही चालायला लागला, बसल्या बसल्या, गाडीच्या आत.

पारावरची म्हातारी बघतच राहिली. "अगं बया, ही गाडी माणसाच्या पायानं चालती व्हय?"

"अवो, पाय वर घ्या!" मागनं कडूबाई ओरडत पळत होती. "पाय घ्या वर, गुडघं जातील!"

त्यानं पाय वर घेतले, छातीशी धरले, अन् तळं येईपर्यंत तसाच बसून राहिला. भोकातनं खालची वाट मागं पळताना दिसत होती.

तळ्यात पोचल्यावर शरणप्पा गाळात उताणा झाला अन् गाडीखाली बघून आला. त्याच्या मुठीत तांबूस खपल्या होत्या. वाऱ्यानं त्यातल्या काही उडून गेल्या.

"खालचा पत्रा समदा खाल्लाय अण्णा. दोन्ही बाजूचा. हे पाण्याचं काम. कुणी मारलं एवढं पाणी?"

बलभीमनं कडूबाईकडं बघितलं. हिच्या तोंडाचा पट्टा आता सुटणार. कडूबाईनं पदर तोंडाला लावला अन् तळ्याच्या दुसऱ्या काठाकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा काही बोलली नाही. तेव्हा बलभीम खरा घाबरला.

आग येईल म्हणून तो वेशीकडं तोंड करून बसला होता, आणि चोर घरातच वाढवला होता. बादलीनं. आता हर्षालीला काय सांगायचं? जशीच्या तशी?

शरणप्पा हात झटकत होता. "हे बघा अण्णा. इंजिन वाजलं तर अजून काय बिघडलं न्हाय. सायेब घेईल, तळ मी नवा बसवीन, भाव थोडा पडंल. न्हायतर असं करू, तळ बसवून गाडी तुमाला परत आणून देतो. तुमचीच ऱ्हाईल. काय ते ठरवा. पर आधी तिचा आवाज ऐकू द्या."

त्यानं बॅटरी जोडली, प्लग काढून पुसले. पेट्रोलची टाकी गंजानं भरलेली, तर त्यानं पिशवीतनं दवाखान्यातली सलाईनची रिकामी बाटली काढली. तिच्यात पेट्रोल भरलं, तिची नळी इंजिनाला जोडली अन् बाटली समोरच्या काचेच्या चौकटीला टांगली. बलभीम तेवढ्यात मागं सरत सरत पार बांधाच्या पायथ्याला गेला होता. हातात ओलं पोतं. येताना ते काखेत मारून आणलं होतं, हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

बसकी खोकली. परत खोकली. मग दादाचं तेल धुराचा लोट होऊन बाहेर आलं आणि ती बोलली. कोरड्या तळ्यात तो आवाज चारी काठांना धडकून माघारी येत होता. बैलं दावं ताणून उभी राहिली. शरणप्पानं पाय दाबला, सोडला.

फाड!

बलभीम खाली बसला, पोतं डोक्यावर. पण पोत्याच्या फटीतनं डोळा तिकडंच होता. परत फाड, परत जाळ. आता त्यानं तो नीट बघितला, धंद्याच्या माणसानं बघावा तसा. वीतभर, पिवळ्याच्या पोटात निळा. भुईला लागायच्या आत विझत होता. लेकरांच्या हातातली फुलबाजीसुद्धा ह्याहून जास्त टिकते.

"ह्याला भ्यालाव व्हय अण्णा?" शरणप्पानं इंजिन बंद करून हाक मारली. दात दिसत होते. "एवढ्याशाला?"

बलभीम उठला. आता जाईल भ्या, म्हणून थोडा वेळ थांबला. डोळ्यानं बघितलं होतं, अकलेला पटलंही होतं, पण भ्या जागचं हललं नाही. पटवून दिल्यानं भ्या जात असतं, तर माणसं भुताला कोंबडं कशाला कापतील?

"फोन दे," तो कडूबाईला म्हणाला. नंबर तिनंच लावून दिला. त्याच्या बोटाला बटण सापडेना.

"हर्षा, गाडी सडली बग."

"सडली म्हणजे?"

"खालनं सडली. म्याच सडवली. पेटंल म्हणून रोज पाणी मारत व्हतो."

"रोज?"

"रोज."

"पावसाळ्यात पण, काका?"

"पावसाळ्यात बी. पावसाचा काय भरवसा?"

पलीकडनं कसलातरी आवाज आला. हसली का रडली, त्याला समजलं नाही, अन् विचारायचा धीर झाला नाही.

"मग आता काय करायचं म्हणता?" तिनं विचारलं.

"नवा तळ बसतो म्हणत्यात. पर परत माझ्या गोठ्यात आली, तर म्या परत पाणी मारणार. पेटत न्हाय ती, आत्ताच बघितलं म्या. तरी मारणार. एक दिस न्हाय मारणार, दुसऱ्या दिशी मारणार." त्यानं बसकीकडं बघितलं. "म्हणून इकून देतो म्या ती. दादाला वाटलं, भित्र्याच्या हातात टिकती. दादाला भ्या म्हंजी काय त्ये ठावंच नव्हतं, बाई."

"द्या," हर्षाली म्हणाली. मग म्हणाली, "काका, बरं झालं खरं सांगितलंत."

त्यानं फोन कडूबाईच्या हातात दिला अन् शरणप्पाला म्हणाला, "न्या."

शरणप्पा खूश झाला, पण काम संपलं नव्हतं. टेम्पो बांधावर होता, बांधाला चढ होता, आणि बैलं चढाला घ्यायला बजरंग तयार नव्हता. बसकीला तिच्याच पायानं चढवायची होती.

"मोडल्या जागी फळी टाकून मी चालवतो," शरणप्पा म्हणाला. "पर चढाला बाटली टांगून चालणार न्हाय, हिंदकळंल. एका माणसानं शेजारी बसून ती वर धरायची. खाली आली तर इंजिन बंद. अन् सांडली, तर..." तर काय, ते त्यानं सांगितलं नाही. बलभीमनं मनात ते पूर्ण केलं. त्यात बाभळ होती आणि चप्पल होती.

कडूबाईनं पदर खोचला. "म्या बसते. तुमी पोतं घेऊन मागनं या."

ती खरंच आत जाऊन बसली. बाटली हातात घेतली तशा तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

"उतर," बलभीम म्हणाला.

"का?"

"बांगड्या हायत तुझ्या."

"काचंच्या बांगडीनं पेटती व्हय?"

"न्हाय पेटत. उतर तू."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग मुकाट्यानं उतरली.

बलभीम बसला. धाडसानं नाही. पेटणारी वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात बघवत नाही म्हणून बसला. मांडीवर ओलं पोतं पसरलं, उजव्या हातानं बाटली डोक्याच्या वर धरली. ह्या बाजूचा पत्रा अजून खाली पडला नव्हता, पण त्याला टाच टेकवायची छाती होईना, म्हणून पाय अधांतरी.

शरणप्पानं इंजिन मारलं. गाळाच्या भेगा पायाखालनं पळायला लागल्या, आधी एकेक, मग सगळ्या मिळून एक रेघ. पाय लटलट कापत होते. दात वाजत होते. मागं फाडकन झालं तेव्हा त्याच्या तोंडातनं आईचं नाव निघालं, बापाचं निघालं, अन् बापाला एक शिवीही निघाली. चढाला बसकीचं नाक आभाळाकडं उठलं, पेट्रोल बाटलीत तिरकं झालं. त्यानं मनगट तेवढंच वळवलं, दारूतल्या सोऱ्याचं माप तराजूत सोडताना वळवतात तसं. हात हलला नाही.

बांधावर बसकी थांबली. फळ्यांवरनं ती टेम्पोत गेली, अन् शरणप्पानं इंजिन बंद केलं.

"उतरा अण्णा. झालं. द्या ती बाटली."

बलभीमनं बाटली दिली नाही. आधी नळी चिमटीत धरली, मग काढली, तोंडाला बूच मारलं, उतरून बाटली लांब सावलीत ठेवून आला. माघारी आला तो पोतं घेऊन. टेम्पोच्या मागं उभा राहिला, अन् बसकीच्या मागच्या नळीवर ते ओलं पोतं दाबून धरलं. चर्रर्र झालं. वाफ त्याच्या तोंडावर आली.

"अण्णा! आता आणि काय!"

"गरम व्हती," बलभीम म्हणाला, अन् दुसऱ्या बाजूनं पोतं उलटलं.